ध्वजावरील मोजणी : पॅसिफिक बेटांच्या काही ध्वजांचा अर्थविचार

एखाद्या राष्ट्रध्वजाचा अर्थ काय, असा प्रश्न केला असता सामान्यतः एका ठराविक स्वरूपाचे उत्तर मिळते : अमुक रंग शौर्याचा, अमुक रंग शांततेचा, अमुक आकृती अमुक गोष्टीची. हे उत्तर शालेय पुस्तकांत असते, सरकारी पत्रकांत असते आणि ज्ञानकोशांतही असते. भाषेच्या अभ्यासकाला मात्र ते पुरेसे वाटत नाही. शब्दाचा अर्थ आपण कोशात पाहतो हे खरे. पण कोश अर्थ निर्माण करीत नाही, लोकांच्या वापरातून तो गोळा करतो. ध्वजाच्या बाबतीत क्रम नेमका उलटा असतो. तेथे कोश आधी तयार होतो व वापर मागाहून येतो. ध्वज ठरविणारी समिती कापडाबरोबर त्याचे विवरणही मंजूर करते, आणि लोकांनी ते विवरण मान्य करावे अशी तिची अपेक्षा असते. ही अपेक्षा कितपत पुरी होते, आणि ध्वजावरील चिन्हांपैकी कोणते चिन्ह आपल्या विवरणाला घट्ट बांधलेले राहते व कोणते सैल राहते, हा चिन्हविचारातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या अभ्यासाला पॅसिफिक महासागरातील बेटांचे ध्वज फार सोयीचे आहेत. समोआ १९६२ साली स्वतंत्र झाला. तेव्हापासून जेमतेम वीस वर्षांत या महासागरात एकामागून एक नवे ध्वज उभे राहिले. त्यांची विवरणे उपलब्ध आहेत, त्यांत पुढे झालेले फेरफारही ठाऊक आहेत. शिवाय हे समाज लहान आहेत, आणि जेथे सारे राष्ट्र काही हजारांचे असते तेथे कोणाला मोजले व कोणाला वगळले ही गोष्ट लपून राहत नाही. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, या ध्वजांवरील रंग व आकृती यांचा अर्थ सैल असतो, तर संख्येचा अर्थ घट्ट असतो. लाल रंगाचा अर्थ चुकीचा आहे हे कोणालाही सिद्ध करता यावयाचे नाही. परंतु नऊ बेटे असताना आठ तारे काढले, तर ते चुकले असे कोणीही म्हणू शकतो. विवरण आणि वस्तुस्थिती यांचा खटका उडतो तो येथेच.

प्रथम रंगांचा विचार करू. पॅसिफिकमधील ध्वजांत निळा रंग विपुल आहे, आणि तो समुद्राचा असे सांगितले म्हणजे ऐकणाऱ्याचे समाधान होते. नाउरूच्या आणि मायक्रोनेशियाच्या संघराज्याच्या ध्वजावर तो समुद्राचाच आहे. पलाउच्या ध्वजावरही निळी पार्श्वभूमी आहे. परंतु तेथील विवरणानुसार हा निळा रंग समुद्राचा नसून परकीय सत्तेकडून स्वराज्याकडे झालेल्या स्थित्यंतराचा आहे. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या देशाने निळ्या रंगाचा अर्थ समुद्र नाही असे सांगावे, ही गोष्ट चिन्हाच्या यादृच्छिकतेचे उदाहरण म्हणून वर्गात सांगण्याजोगी आहे.

पलाउच्या याच ध्वजावर, १९८१ साली स्वीकारलेल्या, एक पिवळे वर्तुळ आहे. परका माणूस त्याला सूर्य समजतो. ते पूर्णचंद्राचे बिंब आहे. पौर्णिमेचा काळ लागवड, कापणी, मासेमारी यांसारख्या कामांस पलाउचे लोक अनुकूल मानीत आले. दुसऱ्या महायुद्धापर्यंत सुमारे तीस वर्षे पलाउवर जपानची सत्ता होती, म्हणून जपानच्या ध्वजाशी असलेले साम्य पाहणाऱ्याला सुचते. आता जपान, बांगलादेश आणि पलाउ हे तीन ध्वज शेजारी मांडावे. तिन्हींवर एका रंगाच्या पार्श्वभूमीवर दुसऱ्या रंगाचे एक वर्तुळ, याखेरीज काही नाही. बांगलादेशच्या आणि पलाउच्या ध्वजांत तर ते दांडीकडे किंचित सरकविण्याची युक्तीही सारखीच आहे. परंतु एके ठिकाणी तो सूर्य, दुसऱ्या ठिकाणी उगवता सूर्य आणि सांडलेले रक्त, तिसऱ्या ठिकाणी चंद्र. आकृतीत चंद्रत्व दाखविणारे काहीही नाही; संकेताने तो चंद्र आहे. नैयायिक ज्याला संकेत म्हणत आणि सोस्यूरने ज्याचा पुन्हा विचार केला, तोच हा संबंध. आपल्याकडील उदाहरण द्यावयाचे तर, तिरंग्याचे रंग आरंभी जमातींचे निदर्शक म्हणून सांगितले गेले होते. १९३१ साली काँग्रेसने रंगांची मांडणी थोडी बदलली. पण त्याहून मोठा बदल विवरणात केला. रंगांना जमातवाचक अर्थ नाही असे ठरविले गेले आणि त्यांना गुणवाचक अर्थ दिले गेले. रंगाने याला कोठेही विरोध केला नाही. रंग असा विरोध कधी करीतच नाही.

आकृतींची स्थिती थोडी निराळी आहे, कारण काही आकृती ध्वजावर येण्यापूर्वीच चिन्हे असतात. समोआच्या आणि पापुआ न्यू गिनीच्या ध्वजांवरील तारकासमूह पाहा. युरोपीय दर्यावर्द्यांनी त्यात क्रूस पाहिला. मे महिन्याच्या रात्री महाराष्ट्रातूनही दक्षिण क्षितिजालगत तो दिसतो, आणि आपण त्याला त्रिशंकू म्हणतो : स्वर्गातही नाही आणि पृथ्वीवरही नाही असा अधांतरी राजा. तारे तेच, वाचन वेगळे. समोआच्या १९४८ च्या ध्वजावर यातील चार तारे होते. पुढल्याच वर्षी त्यांत पाचव्या लहान ताऱ्याची भर पडली. ही भर आकाशाशी जुळविण्याकरिता होती. तिने कोणाचा दर्जा वाढला नाही की कमी झाला नाही, म्हणूनच तिच्याविषयी वादही झाला नाही.

वानुआतूच्या ध्वजाचे उदाहरण याहून बोलके आहे. हा देश ३० जुलै १९८० रोजी स्वतंत्र झाला; ध्वज त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ठरला होता. त्याच्या काळ्या त्रिकोणात डुकराचा वाटोळा वळलेला सुळा आहे आणि त्याच्या आत नामेले या वनस्पतीची दोन पाने एकमेकांवर तिरपी ठेवलेली आहेत. सुळा असा पूर्ण वळावा म्हणून डुकराचे वरचे दात काढून टाकावे लागतात व वर्षानुवर्षे त्याची निगा राखावी लागते. म्हणून तो संपत्तीचे चिन्ह होय. नामेलेचे पान शांततेचे, असे अधिकृत विवरण सांगते. परंतु बेटांवरील रूढीत या पानाला आधीपासूनच एक अर्थ आहे. एखाद्या जागी हे पान रोवले म्हणजे ती जागा निषिद्ध ठरते : तेथे जाऊ नये, तेथील फळ तोडू नये, तेथील मासे धरू नयेत. म्हणजे हे पान स्वतःच एक वाक्य आहे, आणि तेही आज्ञार्थी. ध्वजावर ते आले ते नव्या विवरणासह. पण जुना अर्थ पुसला गेला नाही. आणखी एक गोष्ट येथे लक्षात घ्यावयास हवी. त्याच १९८० साली सांतो बेटावर जिमी स्टीव्हन्स यांच्या नेतृत्वाखाली जी फुटीर चळवळ उभी राहिली तिचे नाव नाग्रियामेल असे होते, आणि हे नाव ज्या दोन वनस्पतींच्या नावांपासून बनले त्यांपैकी एक नामेले हीच होय. नव्या राष्ट्राने आणि त्या राष्ट्रातून फुटू पाहणाऱ्यांनी एकाच पानाचा आधार घेतला. चिन्ह जुने आणि आदरणीय असले म्हणजे ते एकाच पक्षाच्या मालकीचे राहत नाही.

या दोन पानांच्या पर्णिका मोजल्या तर त्या ३९ भरतात, आणि विवरणानुसार त्या प्रतिनिधिगृहाच्या ३९ सभासदांच्या निदर्शक आहेत. पुढे सभासदांची संख्या वाढत जाऊन ५२ झाली. पर्णिका ३९ च राहिल्या. त्यामुळे आता हा आकडा त्या वेळच्या प्रतिनिधिगृहाचा असा खुलासा करणे भाग पडते. सुळा आणि पान यांच्या अर्थाला जो प्रसंग कधी आला नसता तो संख्येच्या अर्थावर वीस वर्षांच्या आत आला.

संख्येचे सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण तुवालूचे आहे. पूर्वी याला एलिस बेटे म्हणत व गिल्बर्ट बेटांबरोबर त्यांची एक ब्रिटिश वसाहत होती. १९७४ साली झालेल्या मतदानात एलिस बेटांच्या लोकांनी वेगळे होण्याच्या बाजूने कौल दिला, आणि १ ऑक्टोबर १९७८ रोजी तुवालू या नावाने ते स्वतंत्र झाले. हे नाव अर्थपूर्ण आहे. ‘तु’ म्हणजे उभे राहणे आणि ‘वालु’ म्हणजे आठ. एकत्र उभी असलेली आठ बेटे, असा त्याचा आशय. (हाच ‘तु’ वानुआतू या नावातही आहे. त्यातील ‘वानुआ’ म्हणजे भूमी. समोअन ‘फानुआ’, टोंगन ‘फोनुआ’ आणि मलायी ‘बेनुआ’ हे त्याचे सगोत्र शब्द. आठ या अर्थाचा ‘वालु’ फिलिपीन्समधील तागालोगमध्ये आणि थेट आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील मालागासीतही ‘वालो’ या रूपात भेटतो. या भाषाकुलाचा विस्तार एवढा आहे.)

नावात आठ, पण बेटे नऊ आहेत. नववे बेट नियुलाकिता हे अगदी लहान. तेथे कायमची वस्ती नव्हती. १९४९ मध्ये नियुताओ बेटावरील लोक तेथे नेऊन वसविण्यात आले. स्वातंत्र्याच्या वेळी जो ध्वज ठरला त्यात फिकट निळ्या पार्श्वभूमीवर, दांडीकडील वरच्या कोपऱ्यात युनियन जॅक आणि उरलेल्या भागात नऊ पिवळे तारे होते. म्हणजे राष्ट्राचे नाव आठ म्हणत होते आणि ध्वज नऊ म्हणत होता. नावाने परंपरा सांगितली, ध्वजाने भूगोल. १९९५ साली ही विसंगती दूर करण्याचा प्रयत्न झाला व एक तारा काढून टाकण्यात आला. त्यानंतर लवकरच, पंतप्रधान कामुता लातासी यांच्या कारकीर्दीत, युनियन जॅकही काढून टाकलेला एक सर्वस्वी नवा ध्वज आला; त्यावरही तारे आठच होते. तो लोकांना रुचला नाही. सरकार बदलले, आणि १९९७ साली पायेनिऊ यांच्या सरकारने युनियन जॅकसह नऊ ताऱ्यांचा जुना ध्वज पुन्हा आणला. या वादात ब्रिटिश राजसत्तेशी असलेल्या नात्याचा प्रश्न मोठा होता हे उघड आहे. ताऱ्यांचा प्रश्न त्याच्या आड राहिला. परंतु परिणाम असा झाला की ध्वज पुन्हा नऊ म्हणू लागला आणि नाव आठच राहिले, आणि हे आजतागायत तसेच आहे. शब्दाच्या बाबतीत अशी विसंगती आपण सहज पचवितो. एखाद्या गावाच्या नावात पाच वड असले म्हणून तेथे पाच वड असलेच पाहिजेत असा आग्रह कोणी धरीत नाही. नाव कालांतराने रूढ होते व त्यातील संख्या झोपी जाते. ध्वजावरील संख्या अशी झोपत नाही, कारण ती डोळ्यांसमोर असते आणि कोणीही ती बोटाने मोजू शकतो.

तुवालूचे तारे केवळ मोजलेले नाहीत, ते मांडलेले आहेत. बेटांच्या नकाशाप्रमाणे त्यांच्या जागा ठरविल्या आहेत. मात्र नकाशाची वरची बाजू उत्तर नसून पूर्व आहे. आधुनिक नकाशाची सवय असलेल्या वाचकाला हे विचित्र वाटेल. संस्कृत जाणणाऱ्याला वाटू नये. पूर्व म्हणजे पुढची आणि दक्षिण म्हणजे उजवी, हे आपल्या दिशावाचक शब्दांचे मूळ अर्थ पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाचेच आहेत. म्हणजे चित्रवत् वाटणारे चिन्हही अखेर एका संकेतावर उभे असते. या नकाशातील प्रत्येक तारा समुद्रसपाटीपासून काही थोड्या मीटरांच्या उंचीच्या जमिनीचा आहे. समुद्राची पातळी चढत असता, २०२३ साली तुवालूने आपल्या राज्यघटनेत अशी तरतूद केली की भूमीचा लोप झाला तरीही राष्ट्राचे राज्यत्व कायम राहील. निर्देश्य वस्तू नाहीशी झाली तरी चिन्ह सार्थ राहावे, असा हा कायद्याचा पवित्रा आहे.

नाउरूच्या ध्वजावर निर्देश्य नाहीसे होण्याचा प्रकार, निराळ्या अर्थाने, आधीच घडलेला आहे. हा ध्वज ३१ जानेवारी १९६८ चा. निळ्या पार्श्वभूमीवर मधोमध एक अरुंद पिवळा पट्टा आहे, ते विषुववृत्त. त्याच्या खाली दांडीच्या बाजूस एक पांढरा तारा आहे, ते बेट. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे अर्ध्या अंशावर आहे, आणि तारा पट्ट्याच्या खालीच आहे. चित्र इतके नेमके असूनही त्यातील मुख्य रेषा सृष्टीत कोठेही नाही, ती नकाशावरच असते, हे जाता जाता नमूद करावे. ताऱ्याला बारा टोके आहेत, आणि ती नाउरूच्या बारा मूळ कुळांची. कुळ आईकडून मिळते. १९४३ साली जपानी सैन्याने सुमारे १,२०० नाउरूवासीयांना ट्रुक बेटांवर नेले. त्यांपैकी ७३७ जण ३१ जानेवारी १९४६ रोजी परत आले, आणि स्वातंत्र्याचा दिवस निवडताना हीच तारीख निवडली गेली. बारा कुळांपैकी दोन आज नामशेष झाली आहेत असे मानले जाते. तारा दशकोनी करावा असे मात्र कोणी सुचविलेले दिसत नाही. तुवालूत संख्या जिवंत बेटांशी जुळविण्याचा खटाटोप झाला. येथे संख्या हयात नसलेल्यांनाही धरून आहे. दोन्ही ठिकाणी ती मोजणीच आहे. पण नाउरूची मोजणी शिरगणतीसारखी नसून श्राद्धातील नामोच्चारासारखी आहे.

गिल्बर्ट बेटांचे आजचे नाव किरिबाती असे लिहिले जाते व ‘किरिबास’ असे उच्चारले जाते, कारण त्या भाषेत ‘ति’ या अक्षराचा उच्चार स-कारासारखा होतो. हे नाव म्हणजे ‘गिल्बर्ट्‌स’ याच इंग्रजी नावाचे स्थानिक ध्वनिव्यवस्थेत बसविलेले रूप होय : ग चा क झाला, ल चा र झाला. नावाप्रमाणेच ध्वजही उसना घेऊन आपला केलेला आहे. उगवता सूर्य आणि त्यावरून उडणारा फ्रिगेट पक्षी हे चित्र वसाहतीचे अधिकारी आर्थर ग्रिम्बल यांनी १९३० च्या सुमारास वसाहतीच्या मुद्रेकरिता कल्पिले. त्या वेळी वसाहतीत एलिस बेटेही होती. १२ जुलै १९७९ रोजी स्वातंत्र्य आले तेव्हा हेच चित्र ध्वजावर राहिले, परंतु आजच्या मोजणीत एलिस बेटे नाहीत. तीन पांढऱ्या लाटा म्हणजे गिल्बर्ट, फिनिक्स आणि लाइन हे तीन द्वीपसमूह. सूर्याचे सतरा किरण म्हणजे गिल्बर्ट समूहातील सोळा बेटे आणि सतरावे बनाबा.

या सतराव्या किरणापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. बनाबा हे एकटे उंच बेट. त्याच्या पृष्ठभागावरील फॉस्फेट १९०० पासून १९७९ पर्यंत खणून नेण्यात आले. महायुद्धानंतर, १९४५ च्या डिसेंबरात, तेथील लोकांना फिजीतील राबी या बेटावर वसविण्यात आले. राबी विकत घेतले गेले ते त्यांच्याच फॉस्फेटच्या मोबदल्यातून साठलेल्या पैशांनी. १९७० नंतर बनाबावासीयांनी लंडनच्या न्यायालयात दाद मागितली, आणि किरिबातीचे स्वातंत्र्य जवळ आले तेव्हा आपले बेट त्या राष्ट्रापासून वेगळे असावे अशी मागणी केली. ती मान्य झाली नाही. किरिबातीच्या घटनेने त्यांना प्रतिनिधित्व दिले व मायभूमीवरील त्यांचे हक्क राखले. परंतु समाजाचा मोठा भाग आजही दुसऱ्या देशात, राबीवर, राहतो. म्हणजे ज्यांना या मोजणीत यावयाचे नव्हते त्यांनाही सतरावा किरण मोजतो. एखाद्याला वगळणे हा जसा अर्थाचा प्रश्न आहे तसा त्याला समाविष्ट करणे हाही आहे.

राबी ज्या फिजीत आहे त्या देशाच्या ध्वजावर मोजणी मुळीच नाही. तेथे युनियन जॅकबरोबर एक ढाल आहे, व तिच्यावर सिंह, ऊस, नारळ, केळी आणि ऑलिव्हची डहाळी घेतलेले कबुतर अशी चित्रे आहेत. १८७९ ते १९१६ या काळात हिंदुस्थानातून सुमारे साठ हजार गिरमिटिया मजूर येथे आणले गेले ते मुख्यतः या उसासाठीच. ऊस ध्वजावर आला. ऊस तोडणाऱ्याचा उल्लेख कोणत्याही विवरणात नाही. चित्राच्या बाबतीत हे खपून जाते, कारण चित्र कोणाचीही गणती करीत नाही. २०१५ साली हा ध्वज बदलण्याचे सरकारने जाहीर केले होते. पुढील वर्षी रिओच्या ऑलिंपिकमध्ये फिजीच्या रग्बी संघाने सुवर्णपदक मिळविले, लोक हाच ध्वज घेऊन रस्त्यावर आले, आणि बदलाचा बेत सोडून देण्यात आला. समितीच्या विवरणाने जे साधले नव्हते ते वापराने साधले.

विवरण बदलून संख्या वाचविण्याचा एक सोपा मार्गही आहे. सॉलोमन बेटांच्या ध्वजावर १९७७ साली पाच तारे घेतले ते पाच जिल्ह्यांचे. पुढे जिल्ह्यांची पुनर्रचना झाली, प्रांतांची संख्या वाढली. तेव्हा पाच तारे हे पाच मुख्य द्वीपसमूहांचे असा अर्थ सांगण्यात येऊ लागला. मायक्रोनेशियाला ही सोय नव्हती. अमेरिकेच्या देखरेखीखालील विश्वस्त प्रदेशाच्या ध्वजावर सहा जिल्ह्यांचे सहा तारे होते. त्यांतील काही भाग वेगळे झाले व एका जिल्ह्याचे दोन झाले, आणि १९७८ साली संघराज्याच्या नव्या ध्वजावर चुक, पोन्पेई, याप व कोस्राए यांचे चारच तारे आले.

त्याच विश्वस्त प्रदेशातून वेगळ्या झालेल्या मार्शल बेटांचा ध्वज १९७९ सालचा असून तो एमलेन काबुआ या बाईंनी रेखाटला आहे. त्यावरील ताऱ्याला २४ टोके आहेत, ती २४ मतदारसंघांची. (आपल्या ध्वजचक्राचे आरेही चोवीसच, संख्या एक असून मोजलेली वस्तू किती भिन्न असू शकते याचे हे सोयीचे उदाहरण.) या चोविसांपैकी एका टोकात बिकिनी आणि किली ही दोन बेटे मिळून येतात. बिकिनी हे प्रवाळकंकण, अनेक लहान बेटांचे. किली त्याच्यापासून कित्येक मैल दक्षिणेस असलेले एकटे बेट. ही दोन नावे एका टोकात का आली, याचे उत्तर राष्ट्रध्वजावर नाही; ते बिकिनीच्या लोकांनी स्वतःसाठी केलेल्या वेगळ्या ध्वजावर आहे.

तो ध्वज प्रथमदर्शनी अमेरिकेचाच वाटतो. तांबडे-पांढरे पट्टे तसेच, निळा कोपरा तसाच. हे साम्य अमेरिकेला तिच्या देण्याची आठवण राहावी म्हणून मुद्दाम राखलेले आहे. निळ्या कोपऱ्यात २३ पांढरे तारे आहेत, ते बिकिनीच्या कंकणातील बेटांचे. फडकत्या बाजूस वर तीन काळे तारे आहेत, ते १ मार्च १९५४ रोजी झालेल्या ‘ब्राव्हो’ या अणुचाचणीत नष्ट झालेल्या तीन बेटांचे. खाली आणखी दोन काळे तारे आहेत. ते किली आणि एजित या बेटांचे, जेथे बिकिनीचे लोक आज राहतात आणि जी त्यांची नाहीत. १९४६ च्या आरंभी अमेरिकन अधिकाऱ्याने चाचण्यांसाठी बेट सोडून जाण्याविषयी विचारले, तेव्हा मुखिया जुडा यांनी सर्व काही देवाच्या हाती आहे असे उत्तर दिल्याचे सांगितले जाते. त्या मार्चमध्ये १६७ माणसे बेट सोडून गेली. जुडांचे ते शब्द मार्शली भाषेत त्याच ध्वजावर काळ्या ताऱ्यांसह लिहिलेले आहेत.